मज्जातंतूंच्या रोगांच्या संज्ञा व त्यांचे संक्षेप

आमच्या संग्रहीं एक वैद्यकाचें बाड आहे. पैठण तालुक्यांतील पाचोड येथें एका जुन्या घराचें माळवद उतरतांना तें निघालें व रद्दीच्या भावानें आमच्याकडे आलें. पानें एकशें चार. आरंभींचीं व शेवटचीं गेलेलीं. लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं. निम्मा भाग देवनागरींत संस्कृत श्लोक, निम्मा मोडींत मराठी पाठ. त्यांत पक्षाघात, अर्दित, अर्धशिशी, फेफरें, धनुर्वात यांवरील तेलें, काढे व नस्यें दिलेलीं आहेत. या बाडाच्या शेवटीं आम्हीं आणखी एक कागद ठेविला आहे. तो जुना नाहीं. एका रुग्णालयानें आमच्या वडील बहिणीस घरीं पाठवितांना दिलेला तो कागद आहे. अक्षर रोमन, आणि त्यांत पुरा लिहिलेला शब्द क्वचितच सांपडतो. बाड व कागद दोन्ही एकाच रोगाविषयीं बोलतात व दोहोंच्या लेखकांनीं हात आखडून लिहिलें आहे. बाड आम्हांस लागलें. कागद लागला नाहीं. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें येईल. तत्पूर्वीं या रोगांच्या संज्ञा आमच्या भाषेंत कोठून आल्या, कशा बदलल्या, व त्या आखडून लिहिण्याची रीति काय होती, याचा थोडा विचार करूं.

मोडी दप्तरांत वावरलेल्या वाचकांस संक्षेपांचें नवल नाहीं. ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’ यांवांचून पत्र सुरू होत नसे. मौजे, कसबे, तर्फ, परगणे यांसारख्या शब्दांचें एक अक्षर लिहावें, पुढें दोन उभे दंड ओढावे, आणि कलम चालूं ठेवावें, हा लेखकांचा शिरस्ता होता. ‘ता॥’ म्हणजे एका ओळींत तर्फ, दुसरींत तारीख. वाचणारा संदर्भावरून ओळखतो व ओळखलें हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. आमच्या बाडांत ‘तो॥’ म्हणजे तोळे, ‘मा॥’ म्हणजे मासे, ‘शे॥’ म्हणजे शेर. एके ठिकाणीं ‘मा॥’ मधील काना पुसट होऊन ‘म॥’ राहिला आहे, व हिशेबाच्या कागदांत ‘म॥’ म्हणजे मण. परंतु तेथें द्रव्य बचनाग आहे, व बचनाग मणभर कोणी कोणास देत नाहीं. अशा वेळीं वाचकाच्या विद्वत्तेपेक्षां व्यवहारज्ञान अधिक उपयोगी पडतें.

येथें आमच्या प्रांताच्या एका पुरुषाचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि, ज्यास आपण हेमाडपंत म्हणतों, त्यानें मोडी लिपि लंकेहून आणिली अशी दंतकथा प्रसिद्ध आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. घाईनें लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातीं देवनागरी मोडत जाऊन मोडी झाली, एवढें पुरे आहे. पण दप्तरलेखनाचे नियम सांगणारें मेस्तक त्याच्या नांवावर चालतें, व त्याच हेमाद्रीनें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली, ही मात्र दंतकथा नव्हे. टीका सबंध उपलब्ध नाहीं. जो भाग उरला तो अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरे’बरोबर छापलेला आहे. त्याचा आश्रित बोपदेव हाहि वैद्याचा पुत्र; बाप केशव यानें ‘सिद्धमंत्र’ लिहिला व मुलानें त्यावर ‘प्रकाश’ लिहिला. बोपदेवाचें ‘मुग्धबोध’ व्याकरण पाणिनीलाहि आखडतें घ्यावयास लावणारें आहे. एकाच दरबारांत लेखनाचे संक्षेप, व्याकरणाचे संक्षेप व वैद्यक यांची अशी संगति जमलेली पाहून मौज वाटते.

आतां संज्ञांकडे वळूं. यांत सर्वांत घोंटाळ्याचा शब्द ‘स्नायु’. मराठींत स्नायु म्हणजे दंडावर फुगतो तो मांसल भाग, इंग्रजींत ज्यास मसल म्हणतात तो. बंगालींत व जुन्या हिंदी पुस्तकांत स्नायु म्हणजे नर्व्ह, म्हणजे आपला मज्जातंतु. आणि सुश्रुतांत? सुश्रुताच्या शारीरस्थानांत स्नायु नऊशें, सिरा सातशें, पेशी पांचशें, अस्थि तीनशें व मर्में एकशें सात सांगितलीं आहेत. गेल्या शंभर वर्षांत निघालेल्या कित्येक चोपड्यांतून ‘आमच्या पूर्वजांस नऊशें मज्जातंतु ठाऊक होते’ असें विधान आढळतें, तें या बंगाली-हिंदी अर्थाच्या आधारावर. मूळ ग्रंथ उघडून पाहिला असतां हें टिकत नाहीं. सुश्रुत तेथेंच उपमा देतो कीं, फळ्या दोरांनीं घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी भार वाहते तसें स्नायूंनीं बांधलेलें शरीर भार वाहतें. म्हणजे स्नायु हा बांधणारा दोर आहे. दुसरा पुरावा याहून बळकट. सूत्रस्थानांत जखम कशानें शिवावी हें सांगतांना तागाच्या व क्षौमाच्या सुताबरोबर स्नायु व केंस यांचीहि नांवें आहेत. ज्यानें जखम शिवतां येते तो जनावराचा तांत आहे. सुश्रुताचा स्नायु आजच्या मराठी अर्थाचाहि नव्हे व बंगाली अर्थाचाहि नव्हे. तो अस्थि व संधि यांस बांधणारा बंध आहे.

ग्रंथकाराची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. खोट्या संज्ञेनें दिलेली थोरवी पुढच्या पिढींत उलटते, एवढेंच म्हणणें आहे. सुश्रुताचें खरें निरीक्षण मर्मांच्या प्रकरणांत आहे. जत्रूच्या वरचीं मर्में सदतीस. त्यांत कानाच्या खालीं मागें ‘विधुर’, तेथें घाव बसला तर बहिरेपण. मान व डोकें यांच्या सांध्यावर ‘कृकाटिका’, तेथें बसला तर डोकें हलत राहतें. कंठाच्या दोहों बाजूंस ‘नीला’ व ‘मन्या’, तेथें बसला तर मुकेपणा, आवाज बिघडणें, चव न कळणें. माथ्यावर ‘अधिपति’, तेथें बसला तर तत्काळ मृत्यु. ज्यानें हें लिहिलें त्यानें रणांत पडलेलीं माणसें जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत. कारण सांगणारी तंतूंची कल्पना त्याजजवळ नव्हती. कार्य मात्र त्यानें नीट टिपलें.

पेशी या शब्दाची गत अशीच. सुश्रुतांत पेशी म्हणजे मांसाचा लगदा, हिंदींत मांसपेशी म्हणजे तेंच. मराठींत मात्र पेशी हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या घटकास दिला गेला व मांसाच्या भागासाठीं मोकळा पडलेला ‘स्नायु’ घ्यावा लागला. ‘नाडी’ म्हणजे नळी, त्यावरून नाडीव्रण, मग वैद्य मनगटावर पाहतो ती नाडी, मग योगग्रंथांतील इडा-पिंगला. कलकत्त्याचे महामहोपाध्याय गणनाथ सेन यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथाचा पहिला भाग १९१३ सालीं निघाला. त्यांत धमनी, सिरा व नाडी हे शब्द अनुक्रमें इंग्रजी आर्टरी, व्हेन व नर्व्ह यांस नेमून दिले. नव्या शारीराचें संस्कृतांतील अध्यापन त्यामुळें सुकर झालें हें खरें. पण जुन्या पोथींत नाडी आली कीं मज्जातंतु समजावा, ही खोड विद्यार्थ्यांस लागली तीहि तेथूनच.

मराठींतील ‘मज्जातंतु’ हा शब्द इंग्रजी अमदानींतला. मुंबईस डॉ. मॅक्लेनन यांची देशी वैद्यकशाळा १८२६ ते १८३२ चालली, १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनीं मराठींत वैद्यक लिहिलें. त्या काळांत शब्द पाडणारांपुढें अडचण होती कीं, नर्व्हला जुना शब्द नाहीं. त्यांनीं मज्जा घेतली. संस्कृतांत मज्जा म्हणजे हाडांतला गर, सप्तधातूंतील सहावा. डोक्याच्या हाडांतला गर तो मेंदू, कण्याच्या हाडांतला गर तो मज्जारज्जु, त्यांतून निघालेले दोरे ते मज्जातंतु. शास्त्रदृष्ट्या हाडांतील मज्जा व हा पदार्थ यांचा कांहीं संबंध नाहीं, म्हणून पुष्कळांनीं या शब्दास नांवें ठेविलीं. चरकाच्या शारीरस्थानांतहि मज्जेचें मान एक अंजलि व मस्तिष्काचें अर्धी अंजलि असें निराळें दिलें आहे, म्हणजे प्राचीनांसहि त्या दोन वस्तूच वाटत होत्या. तथापि भाषेचा इतिहास पाहतां शब्द पाडणारे फारसे चुकले नाहींत. फारसी ‘मग्ज’, ज्यावरून आपला ‘मगज’, म्हणजे हाडांतील गरहि व मेंदूहि. अवेस्तांतील ‘मज्ग’ व संस्कृत ‘मज्जन्’ हे सख्खे बंधु. रशियन भाषेंत तोच शब्द ‘मोज्ग’ होऊन मेंदू हाच मुख्य अर्थ उरला. मज्जा व मगज या एकाच आईच्या दोन लेंकी, एक पैठणच्या शास्त्र्यांच्या घरांत नांदली व दुसरी खडकीच्या बाजारांत. पाठीच्या कण्यांतील दोरास फारसी-उर्दूंत ‘हराम मग्ज’ म्हणतात, कारण तो खाण्यास निषिद्ध. आमच्या गांवच्या खाटिकांच्या तोंडीं हा शब्द आम्हीं लहानपणीं ऐकला आहे. शास्त्रज्ञांनीं ‘मज्जारज्जु’ जुळविण्यापूर्वीं कण्यांतला दोर व डोक्यांतला मेंदू एकाच जातीचे हें खाटिकास ठाऊक होतें.

नर्व्ह हा शब्दहि आपल्या स्नायूसारखाच फिरलेला आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ म्हणजे प्रथम तांत, धनुष्याची दोरी. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें हेरोफिलस व एरासिस्ट्रेटस यांनीं प्रेतें चिरून पाहिलीं, तेव्हां संवेदना व चेष्टा वाहणारे तंतु निराळे ओळखले गेले व जुना शब्द त्यांस लागला. अरबी ‘असब’ याचाहि अर्थ आधीं तांत, मग तंतु. त्याचें बहुवचन ‘आसाब’ आज उर्दूंत चालतें. बंगाल्यांनीं स्नायूस जें केलें तें ग्रीकांनीं व अरबांनीं आधींच केलें होतें. भाषाशास्त्रांत यास दोष म्हणतां येत नाहीं. दोष होतो तो नवा अर्थ जुन्या पानावर लादला म्हणजे. ‘न्यूरोलॉजी’ हें नांव मात्र फार जुनें नाहीं. इंग्लंडचा टॉमस विलिस यानें १६६४ च्या आपल्या मेंदूवरील लॅटिन ग्रंथांत तें प्रथम वापरलें.

आसाबावरून आमच्या शहराची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मराठी संशोधकांच्या लिखाणांत ती बहुधा येत नाहीं. छत्रपति संभाजीनगर, त्या वेळचें औरंगाबाद, निजामाच्या राज्यांत असतांना मौलवी अब्दुल हक यांच्या चिटणिशीखालीं ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचें ठाणें पुष्कळ वर्षें तेथेंच होतें. १९३८ च्या सुमारास तें दिल्लीस गेलें. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज-ए-इस्तिलाहात’, म्हणजे परिभाषा कशी घडवावी यावरील ग्रंथ, १९२१ सालीं याच संस्थेनें काढिला. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याच्या भाषांतरखात्यानें शास्त्रोशास्त्रींचे शब्द पाडले व वैद्यकहि उर्दूंतून शिकविलें गेलें. आमच्या भागांतील जुन्या माणसांच्या तोंडीं लकवा, फालिज, मिरगी, सरसाम हे शब्द आहेत ते मात्र या खटाटोपापूर्वींचे, हकिमांकडून आलेले. त्यांत एक बारकावा होता तो आतां बुजला. अरबींत ‘लकवा’ म्हणजे केवळ तोंड वांकडें होणें, आणि ‘फालिज’ म्हणजे अर्धें अंग जाणें. आमच्या बाडाचा लेखक हा भेद जाणतो. अर्दिताच्या श्लोकाखालीं तो ‘लखवा’ लिहितो व पक्षाघाताखालीं ‘अर्धांगवायु’. आज मराठींत लकवा म्हणजे सगळेंच. रोग ओळखण्याची एक सोय शब्दाबरोबर गेली.

पक्षाघातास चरक ‘पक्षवध’ म्हणतो. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे तडाखा. ग्रीक ‘हेमिप्लेजिया’ यांतहि अर्धा व तडाखा हेच दोन अवयव आहेत. इंग्रजी ‘स्ट्रोक’ तोच तडाखा. अरबी ‘फालिज’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ दोन भाग करणें. उभा माणूस अर्ध्यांतून कापल्यासारखा कोसळतो हें पाहिल्यावर चार देशांतील माणसांस एकच शब्द सुचला. अर्धशिशी व ‘मायग्रेन’ यांचें तसेंच. मायग्रेन हा अर्ध्या कवटीच्या ग्रीक नांवाचा झिजलेला अवशेष आहे. उलट ‘गृध्रसी’ हें नांव सर्वस्वीं आमचें. मांडीच्या मागून घोट्यापर्यंत उतरणाऱ्या या कळेनें माणूस गिधाडासारखा चालतो. माधवनिदानाच्या वातव्याधिप्रकरणांत डोक्यासह सर्वांग कांपण्यास ‘वेपथु’ म्हटलें आहे. जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं ज्या कंपावर निबंध लिहिला त्याच्याशीं तो जुळवितात. तो आजार व हा आजार एकच असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण माधवाचें वर्णन एका श्लोकाचें आहे. परंतु कवचबीज, म्हणजे खाजकुहिलीचें बीं, यांत लेव्होडोपा हें द्रव्य असल्याचें १९३७ सालीं मद्रासेकडील संशोधकांनीं दाखविलें, व पुढें त्याच द्रव्यानें त्या रोगावर उपचार होऊं लागले.

मेंदू उघडण्याच्या कथांचा उल्लेख न केल्यास कांहीं वाचक रागावतील. महावग्गांत जीवक वैद्य राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून दोन किडे काढतो. बल्लाळाच्या भोजप्रबंधांत ब्राह्मणवेषानें आलेले अश्विनीकुमार भोजराजास मोहचूर्णानें निश्चेष्ट करून कवटींतील मासा काढतात. भोजप्रबंध सोळाव्या शतकांतला, भोज अकराव्यांतला, आणि कालिदासहि त्याच दरबारीं बसविलेला. अशा ग्रंथाची साक्ष न्यायासनापुढें चालणार नाहीं. जीवकाच्या कथेंत मात्र एक वाक्यार्थ खऱ्या वैद्याचा आहे. तो श्रेष्ठीकडून एकेका कुशीवर व पाठीवर सात सात महिने निजण्याचें वचन घेतो. श्रेष्ठी सात सात दिवसांतच कंटाळतो. तेव्हां जीवक म्हणतो कीं, तेवढ्यानेंच काम होणार होतें, पण महिने मागितले नसते तर दिवसहि मिळाले नसते. कवटीच्या छिद्रापेक्षां आम्हांस या संभाषणावरून कथाकारानें एखादा वैद्य जवळून पाहिला असावा असें वाटतें. मन कोठें राहतें याविषयीं चरकादिकांचा कल हृदयाकडे. भेलसंहितेंत मात्र तें डोकें व टाळू यांच्या मध्यें सांगितलें आहे. त्या संहितेची जवळजवळ संपूर्ण अशी एकच प्रति, तेलुगु लिपींतली, तंजावरच्या सरस्वतीमहालांत राहिली. भोसल्यांच्या ग्रंथालयानें ती सांभाळली नसती तर हें मत आज कोणास ठाऊकहि नसतें. संग्राहकांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हिंदुस्थानांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचें स्वतंत्र खातें १९४९ सालीं वेल्लोर येथें डॉ. जेकब चांडी यांनीं सुरू केलें. १९५१ सालीं या शाखेच्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आमच्या शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें, लोक ज्यास घाटी म्हणतात तें. मराठी विश्वकोशानें पुढें मज्जातंतु सोडून ‘तंत्रिका’ घेतली व ‘तंत्रिका तंत्र’ असें शीर्षक दिलें. पाचोडच्या बाजारांत तंत्रिका हा शब्द आम्हीं अद्याप ऐकिलेला नाहीं. ‘नस दबली’ हा रोज ऐकतों. आणि रुग्णालयाच्या कागदावर तर यांपैकीं एकहि शब्द नसतो. तेथें अक्षरें असतात.

त्या अक्षरांत कांहीं फार चांगलीं आहेत. ‘जी. सी. एस.’ म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल व जेनेट या दोघांनीं १९७४ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध केलेलें बेशुद्धीचें माप. डोळे उघडण्यास चारपर्यंत, बोलण्यास पांचपर्यंत, हालचालीस सहापर्यंत गुण, बेरीज पंधरा. खालीं शून्य नाहीं, तीन आहे. मेलेल्यासहि तीन मिळतात. ‘ई४ व्ही२ एम६’ असें लिहिलें कीं जगांतला कोणताहि डॉक्टर तें एकाच रीतीनें वाचतो. नुसतें ‘१२’ लिहिलें तर मात्र तें बारा कसे झाले हें कळत नाहीं. पाणिनीच्या टि, घु, भ या संज्ञांचा हाच गुण आहे. स्वतः त्यांस अर्थ नाहीं, पण अर्थ सूत्रानें नेमून दिला आहे व अष्टाध्यायींत घु म्हणजे दुसरें कांहीं कधीं होत नाहीं. ज्या संक्षेपास परिभाषा आहे तो पुऱ्या शब्दाहून निश्चित असतो.

परंतु बहुतेक अक्षरें ‘ता॥’ च्या जातीचीं असतात. ‘एम. एस.’ म्हणजे मज्जातंतूंवरील आवरण झिजविणारा मल्टिपल स्क्लेरॉसिस, हृदयाची झडप आंखडण्याचा मायट्रल स्टेनोसिस, किंवा मॉर्फिनचें एक लवण. ‘पी. डी.’ म्हणजे पार्किन्सनचा रोग, किंवा पोटांतून रक्त शुद्ध करण्याची क्रिया. ‘ओ. डी.’ म्हणजे दिवसांतून एकदां, आणि नेत्रवैद्याकडे उजवा डोळा. अमेरिकेंतील रुग्णालयें तपासणाऱ्या जॉइंट कमिशननें २००४ सालीं ‘वापरूं नये’ अशी एक यादीच काढिली. तींत मॉर्फिनसाठीं ‘एम. एस.’ आहे, आणि युनिटबद्दल नुसतें ‘यू’ हें अक्षरहि आहे, कारण घाईनें काढलेला यू शून्यासारखा दिसतो व इन्सुलिन दसपट जातें. आमच्या बाडांतील पुसट कान्याची ही भावंडें होत. मात्र तेथें बचनागानें आम्हांस सावध केलें. येथें प्रत्येक औषध वाचणारास सारखेंच अनोळखी.

आतां त्या कागदाची हकीकत. चार वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आमच्या अक्काचें उजवें अंग गेलें व वाचा गेली. शहरांतील एका रुग्णालयांत ती तीन आठवडे होती. घरीं पाठवितांना नाकांतून पोटांत नळी होती, व त्या नळींतून अन्न कसें द्यावें हें परिचारिकेनें भाच्यास दाखविलें होतें. भाचा दोन दिवस राहून नोकरीवर गेला. तिसऱ्या रात्रीं अक्कानें डाव्या हातानें नळी ओढून काढिली. रुग्णालयांत दूरध्वनि केला, कोणीं उचलला नाहीं. सकाळीं आम्हीं चष्मा लावून कागद घेतला व पोथी लावावी तसा तो लावूं लागलों.

वरच्या ओळींत ‘सी. व्ही. ए.’ व ‘आर. टी. हेमी’ असें होतें. हेमी म्हणजे अर्धांग हें ठाऊक, गेलें होतें उजवें, तेव्हां ‘आर. टी.’ म्हणजे राइट, उजवें, हें सिद्ध झालें. खालीं होतें, ‘आर. टी. फीड, २ अवर्ली’. एका लेखकाच्या हातचें एक चिन्ह एकाच पानावर एकाच अर्थाचें धरावें, हा पोथ्या लावण्याचा आमचा चाळीस वर्षांचा नियम. म्हणजे दर दोन तासांनीं उजव्या बाजूनें भरवावें. उजवी बाजू तर लुळी. तिकडून कसें भरवावें, अशी शंका आली. पण पाठ अवघड दिसला म्हणजे तोच मूळचा असतो, सोपा पाठ मागाहून शिरलेला असतो, हाहि आमचाच नियम. पुढें ‘एन. बी. एम.’ अशीं तीन अक्षरें होतीं. औषधाचें नांव असावें म्हणून आम्हीं तीं सोडलीं. तांदळाची पेज करून, मान उजवीकडे कलती धरून, आम्हीं स्वतः चमच्यानें अक्कास भरविली. ती ठसकली. आम्हीं थांबलों, व पुनः भरविली. सायंकाळीं ताप चढला, दुसरे दिवशीं श्वास घुरघुरूं लागला.

रुग्णालयांतील तरुण डॉक्टरानें विचारलें, ‘सर, उजव्या बाजूनें भरवायला आपल्याला कोणी सांगितलें?’ आम्हीं कागद पुढें केला. त्यानें तो वाचला, व कांहीं वेळ बोलला नाहीं. मग बोट ठेवून सांगितलें कीं, वरच्या ओळींतील आर. टी. म्हणजे राइट, खालच्या ओळींतील आर. टी. म्हणजे रायल्स ट्यूब, ती नाकांतली नळी, आणि एन. बी. एम. म्हणजे निल बाय माउथ, तोंडानें कांहीं देऊं नये. रात्रपाळींत असे ढीगभर कागद लिहावे लागतात, असेंहि तो म्हणाला; समर्थनासाठीं नव्हे, खजील होऊन. आम्हीं त्यास दोष दिला नाहीं. त्यानें त्याच्या मंडळींसाठीं लिहिलें होतें, जसें दप्तरदार दुसऱ्या दप्तरदारासाठीं लिहितो. तो कागद परक्या घरांत जाऊन वाचला जाईल याचा विचार दोघांच्याहि शिरस्त्यांत नव्हता. गांवांत दवाखाना आहे, तेथील कोणासहि विचारतां आलें असतें. आपणांस वाचतां येतें या समजुतीनें आम्ही उठलों नाहीं. अक्का फुफ्फुसाच्या दाहांतून बावीस दिवसांनीं बाहेर आली व पुढें चौदा महिने जगली. वाचा परत आली नाहीं, म्हणून या प्रकाराविषयीं तिला काय वाटलें तें आम्हांस कळलें नाहीं.

त्यानंतर आम्हीं गांवांतील घरोघरचे असे कागद मागून घेऊन, त्यांतील अक्षरें डॉक्टरांकडून उलगडून, नांवें गाळून एक वही केली आहे. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधींपासून असलेला रोग, ‘एच. टी. एन.’ रक्तदाब, ‘एस. डी. एच.’ मेंदूच्या बाह्य आवरणाखालीं सांचलेलें रक्त, ‘एम. सी. ए.’ मेंदूची मधली धमनी, ‘टी. आय. ए.’ तासाभरांत उतरणारा झटका, ‘सी. एस. एफ.’ मेंदू व मज्जारज्जु यांभोवतींचें पाणी, ‘व्ही. पी. शंट’ तें पाणी पोटांत उतरविणारी नळी, ‘एस. ओ. एस.’ गरज पडल्यास. हा शेवटचा संक्षेप लॅटिन आहे. आमचे पुष्कळ गांवकरी तो संकटाची हांक समजून गोळी लगोलग देतात. ज्या संक्षेपांस दोन अर्थ सांपडले त्यांपुढें तांबड्या शाईची खूण केली आहे. खुणा वाढत आहेत. महानुभावांची सकळ लिपि राजवाड्यांनीं उलगडेपर्यंत त्यांच्या पोथ्या बाहेरच्यांस मुक्या होत्या. ती लिपि मुद्दाम लपविण्यासाठीं होती, ही अक्षरें तशीं नाहींत, एवढाच फरक.

मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या संग्रहांत वैद्यकाचीं बाडें असतील त्यांनीं त्यांतील वजनांचे व रोगनामांचे संक्षेप उतरून पाठविल्यास दोन्ही याद्या एकत्र छापण्याचा आमचा विचार आहे. अक्काचा कागद आम्हीं बाडाच्या एकशें चौथ्या पानामागें ठेविला आहे. दोन्ही ‘आर. टी.’ खालीं शिसपेनीनें रेघ मारून समासांत त्यांचे पुरे शब्द मोडींत लिहिले आहेत, व शेजारीं ‘एन. बी. एम.’ चा अर्थ देवनागरींत.